ऋण सोडणे: प्रार्थनेतल्या एका शब्दाचा मागोवा

दोन माणसांचे भांडण होते आणि काही दिवसांनी मिटते. मिटताना त्यांतला कोणीही ‘मी तुला क्षमा केली’ असे म्हणत नाही. ‘जाऊ दे, सोड आता,’ एवढेच म्हणतो. क्षमा हा आपल्याकडे पोथीतला आणि व्याख्यानातला शब्द. बांधावर, ओट्यावर आणि स्वयंपाकघरात चालतो तो ‘सोडणे’. आभारांचेही तसेच आहे. ‘धन्यवाद’ पत्रिकेच्या तळाशी छापतात. मन भरून आलेला माणूस मात्र विचारतो, ‘तुमचे उपकार कसे फेडू?’ आणि फार जवळचा असेल तर म्हणतो, ‘तुमच्या ऋणातच राहू दे.’

नगर, पुणे किंवा सोलापूरकडच्या एखाद्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीत रविवारच्या उपासनेला बसलात, तर हे दोन्ही शब्द एकत्र कानावर पडतील. येशूने शिष्यांना शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ सगळे उभे राहून एका सुरात म्हणतात. मत्तयच्या शुभवर्तमानात ती आहे. तिच्यात रोजच्या भाकरीच्या मागणीला लागूनच जी मागणी येते, ती मराठी पाठात ‘ऋण’ सोडण्याची आहे. देवाने आमचे ऋण सोडावे, जसे आम्ही आमच्या ऋणकोंचे सोडले आहे. पापाची क्षमा मागताना सावकारीतला शब्द का यावा, असा प्रश्न लहानपणी अनेकांना पडतो. मोठेपणी सवयीने तो विरतो. तो विरू नये असे मला वाटते, कारण क्षमा, कृतज्ञता आणि पुन्हा उभे राहण्याची संधी या ख्रिस्ती जीवनातल्या तीन गोष्टी याच एका शब्दाच्या पोटात आहेत. हा शब्द आपल्यापर्यंत कसा पोचला, ते पाहू.

मातीची पाटी

कर्ज लिहून ठेवण्याची पद्धत जितकी जुनी, जवळजवळ तितकीच ते माफ करण्याची पद्धतही जुनी आहे. आजच्या इराकच्या दक्षिणेला सुमेर नावाचा प्रदेश होता. तिथल्या लगाश नगराच्या एनमेतेना या राजाने इसवी सनापूर्वी 2400 च्या सुमारास प्रजेला मुक्त केल्याचे कोरून ठेवले आहे. त्यासाठी वापरलेला सुमेरी शब्द ‘अमार्गी’ असा वाचतात आणि त्याचा शब्दशः अर्थ होतो ‘आईकडे परत जाणे’. कर्जापायी माणसे आणि त्यांची मुले धनकोच्या घरी राबायला ठेवली जात. ऋण सुटले की मूल आईकडे परत येई. दुसऱ्या संधीचा इतका जुना आणि इतका घरगुती अर्थ मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही.

पुढे बाबिलोनमध्ये हम्मुराबीच्या घराण्यातले राजे गादीवर बसताना असे फर्मान काढत. त्यांपैकी अम्मिसदुका या राजाचे, इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातले फर्मान बरेचसे टिकून आहे. अडीनडीला घेतलेली धान्याची आणि चांदीची कर्जे त्यात रद्द केली आहेत. व्यापारासाठी घेतलेले भांडवल मात्र फेडावेच लागे. हा भेद करणाऱ्याला गरज आणि धंदा यांतला फरक नेमका कळत होता. त्या काळी कर्ज ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने टोचून लिहीत आणि पाटी वाळवून धनको ती जपून ठेवी. कर्ज संपले की ती फोडायची. ‘पाटी फोडणे’ म्हणजेच ऋण मिटणे. नव्याने सुरुवात करणाऱ्याची पाटी कोरी, असे आपण अजूनही म्हणतो.

मुक्तीच्या या फर्मानाला बाबिलोनी भाषेत ‘अंदुरारुम’ म्हणत. त्याच धातूचा हिब्रू शब्द ‘देरोर’ बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात येतो. फरक एवढाच की इथे राजाच्या मर्जीची वाट पाहायची नाही. दर पन्नासाव्या वर्षी विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची आणि कर्जापायी बांधला गेलेला माणूस आपल्या घरी परतायचा. हे वर्ष मेंढ्याचे शिंग फुंकून जाहीर करायचे. त्या शिंगाचे नाव ‘योबेल’. सिनेमाचे पंचवीस आठवडे आपण ज्याने मोजले तो ‘ज्युबिली’ हा शब्द तिथूनच आला.

यातली एक तरतूद आपल्या मागोव्याच्या दृष्टीने फार मोलाची आहे. हे शिंग फुंकायचे ते प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे साऱ्या लोकांच्या पापांसाठी वर्षातून एकदा पाळायच्या दिवशी. देवाने पाप सोडले त्याच दिवशी माणसाने माणसाचे ऋण सोडायचे. पाप आणि कर्ज यांची गाठ कोणा कवीने कल्पनेने घातलेली नाही. पंचांगातच ती बांधलेली होती.

अनुवाद या पुस्तकात याहून जवळची मुदत आहे. दर सातव्या वर्षी कर्जे सोडून द्यायची, आणि सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरजवंताला नकार द्यायचा नाही, अशी ताकीदही तिथे आहे. ताकीद द्यावी लागली यावरूनच माणसे काय करत असतील ते कळते. येशूच्या जन्माच्या थोडे आधी हिल्लेल नावाच्या थोर यहुदी गुरूने यातून वाट काढली. धनकोने आपले येणे न्यायसभेच्या हवाली केल्याचा लेख करायचा, म्हणजे सातव्या वर्षी ते बुडणार नाही. गरिबाला कर्ज मिळत राहावे हा हेतू चांगला होता. पण त्या तोडग्याने सुटकेचे वर्ष फक्त नावापुरते उरले.

एकच शब्द, दोन ओझी

येशू बोलत असे ती अरामी भाषा. तिच्यात ‘होबा’ या शब्दाचा अर्थ कर्ज आणि पाप असा दोन्ही होतो. अरामीचीच एक बोली असलेल्या सिरियाक भाषेत केरळमधले सुरियानी ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या ही प्रार्थना म्हणत आले आहेत. तिथेही हाच शब्द आहे आणि त्याच्यासोबतचे क्रियापद आहे ‘सोड’ या अर्थाचे. मत्तयने ग्रीकमध्ये लिहिताना ‘ओफेइलेमा’ हा सरळ देण्याघेण्यातला शब्द निवडला. लूकच्या शुभवर्तमानातल्या पाठात पहिल्या अर्ध्यात ‘पाप’ आले, पण दुसऱ्या अर्ध्यात माणूस ज्यांना सोडतो ते ऋणकोच राहिले. दोघांनी वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ आहे हातातून जाऊ देणे, सोडणे. आपण ओट्यावर म्हणतो तेच, ‘जाऊ दे, सोड.’

हा शब्द ऐकणाऱ्या गालीलातल्या शेतकऱ्याला ऋण म्हणजे रोजचे वास्तव होते. त्याचा एक पुरावा इतिहासकार योसेफसने नोंदवला आहे. इसवी सन 66 मध्ये यरुशलेमात रोमविरुद्ध बंड पेटले, तेव्हा बंडखोरांनी पहिल्या काही दिवसांतच दप्तरखान्याला आग लावली. सावकारांची खते तिथे ठेवलेली होती. ही घटना लक्षात ठेवा. पुढे आपल्या भीमाकाठी ती पुन्हा भेटणार आहे.

येशूने सांगितलेल्या दोन दाखल्यांत ऋणाचे दोन चेहरे दिसतात. मत्तयच्या अठराव्या अध्यायातला चाकर राजाला दहा हजार तलांत देणे लागतो. तलांत हे चांदी तोलायचे मोठे वजन, सुमारे 6,000 दिनारांचे. मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार. म्हणजे चाकराचे देणे झाले 6 कोटी दिवसांच्या मजुरीइतके. वर्षाला 300 दिवस काम धरले तरी दोन लाख वर्षे लागतील. हे कर्ज फेडायचे नसतेच, ते सुटले तरच सुटते. राजा ते सोडतो. तोच चाकर बाहेर पडतो आणि 100 दिनार देणे लागणाऱ्या सोबत्याचा गळा धरतो. शंभर दिवसांची मजुरीही खरीच आहे, खोटी नाही. दाखल्याची धार इथेच आहे. आपल्याशी कोणी वाईट वागले तेही खरेच असते. फक्त ते मोजताना आपल्याला काय सोडून मिळाले आहे, याची वही शेजारी उघडी ठेवायची असते.

दुसरा दाखला लूकच्या सातव्या अध्यायात आहे. शिमोन या परुशाच्या, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या माणसाच्या, घरी पंगत बसलेली असते. गावाने ओवाळून टाकलेली एक बाई आत येते, येशूच्या पायांवर रडते, केसांनी ते पुसते, सुगंधी तेल लावते. यजमानाच्या कपाळावर आठ्या पडतात. येशू त्याला विचारतो, एकाचे 500 दिनारांचे ऋण सोडले आणि दुसऱ्याचे 50 चे, तर दोघांपैकी सोडणाऱ्यावर जास्त प्रेम कोण करील? उत्तर उघड आहे. या दाखल्यात ऋण सोडण्यासाठी जे ग्रीक क्रियापद आले आहे, ते ‘खारिस’ या शब्दापासूनचे. खारिस म्हणजे कृपा, आणि खारिस म्हणजे आभारही. त्याच कुळातला ‘युखारिस्त’, म्हणजे उपकारस्तुती. कॅथलिक मिस्साला आणि प्रभुभोजनाला जगभर हे नाव आहे. क्षमा आणि कृतज्ञता ही दोन शेजारच्या सद्गुणांची नावे असे आपण समजतो. ग्रीक भाषा सांगते की एकाच झाडाची ती मुळे आणि फळे आहेत. त्या बाईचे अश्रू पश्चात्तापाचे की आभाराचे, हा प्रश्न म्हणूनच निरर्थक ठरतो.

पौलाने लिहून दिलेले खत

बायबलमध्ये येशूचा संदेश पसरवणाऱ्या पौल या प्रेषिताचे एक अगदी छोटे पत्र आहे, 25 ओव्यांचे. कलस्सै नगरातल्या फिलेमोन नावाच्या गृहस्थाला ते लिहिले आहे. त्याचा अनेसिम नावाचा गुलाम त्याच्यापासून दुरावून तुरुंगातल्या पौलाकडे आला आणि ख्रिस्ती झाला. गुलाम पळून गेला तर त्या काळचा कायदा त्याला दया दाखवत नसे. पौल त्याला परत पाठवतो, पण सोबत हे पत्र देतो. याला गुलाम म्हणून घेऊ नकोस, भाऊ म्हणून घे, आणि त्याचे काही देणे असेल तर माझ्या नावावर मांड, असा त्याचा आशय. मग पौल लेखनिकाच्या हातून लेखणी काढून घ्यावी तसे करतो: हे मी स्वहस्ते लिहीत आहे, मी फेडीन, असे नोंदवतो. त्या काळी स्वहस्ते लिहिलेल्या कबुलीलाच कर्जखत मानत. तुरुंगात बसलेल्या, खिशात काही नसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या सुटकेसाठी खत लिहून दिले. दुसरी संधी फुकट मिळत नाही, कोणीतरी तिचा भार आपल्या नावावर घेतो, हे मला या छोट्या पत्राइतके स्पष्ट कुठेच दिसले नाही.

कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात हीच प्रतिमा क्रुसापर्यंत नेली आहे. आपल्याविरुद्धचे खत देवाने पुसून टाकले आणि क्रुसाला ठोकले, असे तिथे म्हटले आहे. बाबिलोनची फुटलेली पाटी आता एका खिळ्यावर लटकलेली दिसते.

वही पुन्हा उघडते

यापुढचा इतिहास सरळ नाही, आणि तो गुळगुळीत करून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ऋण सुटते या बातमीवर उभा राहिलेला समाज पुन्हा पुन्हा हिशेबाकडे वळला. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथाने बाप्तिस्म्यानंतर घडलेल्या मोठ्या पापासाठी पश्चात्तापाची संधी देऊ केली, पण एकदाच. इसवी सन 250 मध्ये सम्राट देकियसने सर्वांना रोमन देवांपुढे बळी अर्पण करायला भाग पाडले. अनेक ख्रिस्ती भीतीने झुकले. छळ ओसरल्यावर ते मंडळीच्या दाराशी परत आले, तेव्हा रोममधल्या नोवाटियनने त्यांना आत घ्यायला ठाम नकार दिला. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि बहुसंख्य मंडळी मात्र म्हणाली की प्रायश्चित्तानंतर त्यांना परत घ्यायचे. चर्चने त्या वेळी दुसऱ्या संधीच्या बाजूने कौल दिला नसता, तर पुढे फार थोडी माणसे आत उरली असती.

सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासींनी पापकबुली खाजगी केली आणि ती पुन्हा पुन्हा करता येईल अशी केली. ही मोठी सुधारणा होती. आपल्या गोव्यात तिला पोर्तुगिजांकडून आलेला ‘कुमसार’ हा शब्द आहे. पण त्या मठवासींनी कोणत्या पापाला किती दिवसांचा उपवास, याच्या याद्याही तयार केल्या. यादी आली की दर येतो, आणि दर आला की सूट आणि सौदाही येतो. मध्ययुगाच्या अखेरीस पापदंडाच्या माफीची पत्रे पैशांवर मिळू लागली. 31 ऑक्टोबर 1517 रोजी मार्टिन लूथरने 95 मुद्दे मांडून याविरुद्ध आवाज उठवला. कॅथलिक चर्चमध्येही 1567 मध्ये पाचव्या पायस पोपने पैशांशी जोडलेल्या सगळ्या माफ्या रद्द केल्या. ज्या शब्दाने खत फाडायचे होते, त्याच शब्दातून नवी वही उघडली गेली होती. हा धोका आजही टळलेला नाही. ‘मी तुला माफ केले, हे विसरू नकोस,’ असे जो सारखे ऐकवतो, तोही एक वही चालवतच असतो.

मराठीतले ऋण

युरोपातल्या भाषांनी आपापले शब्द निवडले. इंग्रजीत विल्यम टिंडलने 1526 मध्ये मत्तयच्या या ठिकाणी आगळीक या अर्थाचा शब्द घातला, आणि इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकामार्फत तो लोकांच्या तोंडी बसला. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये मात्र कर्जाचाच शब्द आहे. जर्मनमध्ये ‘शुल्ड’ म्हणजे कर्ज आणि अपराध दोन्ही, त्यामुळे तिथे निवड करावी लागलीच नाही. गोव्याच्या कोकणी प्रार्थनेत ‘पातकां’ आहेत आणि ती सोडण्याला ‘भोगसणें’ हे क्रियापद आहे.

मराठीत बायबल आणण्याचे काम विल्यम केरी आणि त्यांच्या पंडितांनी बंगालमधल्या सिरामपूरला सुरू केले. नवा करार 1811 मध्ये छापला गेला. 1813 मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुढे आपला पाठ तयार केला, आणि अनेक हातांखालून गेलेल्या आजच्या प्रचलित बायबलात मत्तयच्या त्या ठिकाणी ‘ऋण’ आहे. हा शब्द इथल्या मातीत परका नव्हता. ऋग्वेदात वरुणाची प्रार्थना करणारा ऋषी आपली ऋणे दूर सार असे मागतो, आणि तिथे ऋण म्हणजे देणे की दोष हे वेगळे काढणे कठीण जाते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच माणूस जन्मतो, हा विचारही आपल्या अंगवळणी पडलेला. मात्र ती तीन ऋणे माणसाने फेडायची असतात. यज्ञाने, अध्ययनाने आणि संततीने. प्रभूच्या प्रार्थनेतले ऋण धनकोने सोडायचे आहे. मराठी कानाला शब्द ओळखीचा वाटला, पण त्याच्यापुढचे क्रियापद नवे होते. आपल्याकडे ख्रिस्ती शिकवणीचे वेगळेपण कुठे आहे असे कोणी विचारले, तर मी ‘फेडणे’ आणि ‘सोडणे’ या दोन क्रियापदांकडे बोट दाखवीन.

सुपे, केडगाव, उदयनगर

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारगावी शेतकरी सावकारांच्या दुकानांपुढे जमले. त्यांनी वह्या आणि कर्जरोखे मागितले. मिळाले ते जाळले. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात कापसाचा भाव चढला तेव्हा सहज मिळालेले कर्ज, भाव कोसळल्यावर गळ्याशी आले होते. मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी नवे खत करून घेतले जाई आणि व्याज मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढे. अंगठा उठवणाऱ्याला त्यात काय लिहिले आहे हे माहीत नसे. आग पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरली. यरुशलेमच्या दप्तरखान्यानंतर 1,800 वर्षांनी, भीमेच्या खोऱ्यात, माणसांनी पुन्हा खतांवरच राग काढला. चार वर्षांनी, 1879 मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला.

नगरमध्ये अमेरिकन मिशनचे काम 1831 पासून चालू होते. तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांत बहुतेक गरीब, दलित कुटुंबे होती. ज्याच्या बापाचा अंगठा कुणाच्या तरी वहीत होता, तो माणूस रविवारी उभा राहून ‘ऋण’ हा शब्द उच्चारत होता. त्याला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्याच काळात एका मराठी विदुषीने दुसऱ्या संधीचा अर्थ जवळून पाहिला. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले आश्रम दाखवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळत होते. शास्त्रांत पारंगत असलेल्या रमाबाईंना हे नवे होते. अशा स्त्रीला ठेचायचे असते एवढेच त्यांनी आजवर पाहिले होते. असे का करता, हे त्यांनी विचारले. उत्तरात एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. विहिरीवर भर दुपारी एकटी पाणी भरायला आलेल्या, पाच नवरे झालेल्या त्या बाईशी येशू बोलत बसतो. आपल्या साक्षीत रमाबाईंनी हा प्रसंग कळकळीने नोंदवला आहे. पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांचे मुक्ती मिशन उभे राहिले, दुष्काळात वाचवलेल्या शेकडो मुली तिथे आल्या, आणि त्याच आवारात फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ नावाचे घर झाले. त्या घराला सुधारगृह म्हणता आले असते, पण नाव ठेवले ते कृपेचे. तिथे आलेल्या बाईला आधी काही फेडून दाखवायचे नव्हते. आधी घर, मग शिक्षण, मग काम.

तिसरे ठिकाण मध्य प्रदेशातले, इंदूरजवळचे उदयनगर. केरळहून आलेल्या सिस्टर राणी मारिया तिथल्या आदिवासींना सावकारीच्या फासातून सोडवण्यासाठी बचत आणि सरकारी कर्जाच्या वाटा दाखवत होत्या. ज्यांचे त्यात नुकसान होत होते, त्यांना हे खुपले. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमधून त्यांना ओढून भोसकण्यात आले. त्यांच्या अंगावर पन्नासहून अधिक वार होते. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. 2002 च्या राखीपौर्णिमेला राणी मारिया यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी, तुरुंगात गेली आणि तिने त्या माणसाच्या मनगटावर राखी बांधली. पुढे त्याची सुटका व्हावी म्हणून राणी मारिया यांच्या घरच्यांनीच प्रयत्न केले आणि 2006 मध्ये तो सुटला. तो केरळला त्यांच्या घरी गेला, तेव्हा मुलगी गमावलेल्या आईने त्याचे हात हातात घेऊन चुंबले. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरला राणी मारिया यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केले गेले, त्या सोहळ्याला तोही हजर होता. जी बाई गरिबांची कर्जाची गाठ सोडवताना गेली, तिच्याच घरच्यांनी त्याहून मोठे ऋण सोडले.

वाचून सोडणे

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे, नाहीतर एवढा मागोवा घेऊन आपण चुकीच्या जागी पोचू. ‘जाऊ दे, सोड’ हे शब्द आपल्याकडे दुबळ्यावर लादलेही जातात. मार खाणाऱ्या सुनेला ते ऐकवतात, फसवल्या गेलेल्या भावाला ऐकवतात, आणि वर देवाचे नावही घेतात. ऋण या शब्दाचा याला विरोध आहे. जे देणे होतेच, तेच सोडता येते. सेल्मी राखी बांधायला गेल्या त्याआधी न्यायालयात गुन्हा सिद्ध झाला होता. येरीहोचा जकातदार जक्कय याच्या घरी येशू स्वतःहून जेवायला जातो, ही त्याला मिळालेली दुसरी संधी. पण ती मिळताच जक्कय उठून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करतो. क्षमेने हिशेब लपवला गेला नाही. उलट लपवलेला हिशेब बाहेर आला. पाटी फोडण्याआधी ती वाचायची असते, आणि फोडायची की नाही हे ठरवण्याचा हक्क ज्याचे येणे आहे त्याचाच.

सोडून दिल्यावर काय उरते? पौल रोमकरांना लिहितो की कुणाचे काही देणे ठेवू नका, एकमेकांवरच्या प्रीतीचे तेवढे ठेवा. ‘तुमच्या ऋणातच राहू दे’ या आपल्या बोलण्याचा हाच अर्थ आहे. हंगामात मराठी मंडळ्यांतले शेतकरी पहिल्या धान्याची पाटी, परसातली भाजी, एखादी कोंबडी चर्चमध्ये आणतात. तिथे त्यांचा लिलाव होतो. बाजारात पाच-दहा रुपयांना मिळणारी मेथीची जुडी कधी पन्नासाला जाते, आणि विकत घेणारा ती पुन्हा लिलावात ठेवतो. व्यवहाराच्या दृष्टीने हे चुकीचेच आहे. पण तिथे कोणी फेडायला आलेला नसतो. दोन लाख वर्षांची मजुरी सोडून मिळालेला माणूस मेथीच्या जुडीने काय फेडणार? तो फक्त आपण ऋणात आहोत हे आनंदाने कबूल करत असतो.

म्हणून वाचकाला, तो कुठल्याही धर्माचा असो, माझी एक विनंती आहे. मनाच्या कपाटात ठेवलेली एखादी जुनी वही या आठवड्यात उघडा. कोणाचे काय येणे आहे ते नीट वाचा, कमी करू नका, वाढवूही नका. मग आपल्याला आजवर काय काय सोडून मिळाले, तेही शेजारी मांडा; आईने सोडलेले, शिक्षकांनी सोडलेले, जोडीदाराने न बोलता सोडलेले. त्यानंतर हात उघडता आला तर उघडा.

आणि प्रार्थना म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. मराठी पाठात देवाने सोडायचे ऋण आज्ञार्थात आहे, म्हणजे अजून मागायचे आहे. आपण सोडायचे ऋण मात्र ‘सोडले आहे’ असे पूर्ण वर्तमानकाळात आहे. म्हणणाऱ्याने तोंड उघडण्यापूर्वी ते काम झालेले असायला हवे.